बाळंतपणानंतरचा आकडा

डॉक्टर नफीसा गेल्याचं मला गडचिरोलीच्या आठवडी बाजारात कळलं, मिरच्या निवडता निवडता. सांगितलं वासुदेवभाऊंनी. वासुदेवभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आमच्या जंगलातल्या गावाला संध्याकाळी येऊन थांबणारी आणि सकाळी तालुक्याला परत जाणारी मुक्कामी गाडी एके काळी तेच चालवायचे. पिशवी खाली ठेवत म्हणाले, "बाई, आपली डॉक्टरीन मेली ना." मी म्हटलं, कधी? "झाले असतीन चार-पाच रोज. चंद्रपुरात, भावाच्या घरी. सकाळी उठली, चहा पेली, डोकं लय दुखून राह्यलं म्हने, अन् बसल्या जागीच... डोक्यातली नस फुटली म्हनते. काई त्रास नाई झाला बिचारीले. पुण्यवान बाई." मला एकदम राग आला. बसल्या जागी मरायला कसलं हो पुण्य लागतं? पण वासुदेवभाऊंचे डोळे भरून आले होते. मिरच्या घेतल्या, घरी आले, भाजीला फोडणी दिली. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, तेही कपडे वाळत घालताना, काही कारण नसताना.

आता काही आठवडे होऊन गेलेत. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांचा निरोप आला की तुम्ही त्यांना जवळून ओळखत होता, काहीतरी लिहा. मी होकार दिला, पण एका अटीवर. देवी, माऊली, सावली असलं काही मी लिहिणार नाही. नफीसाबाईंना ते चाललं नसतं आणि ते खरंही नव्हतं. तोंडाच्या फटकळ, सुपारी सतत चघळायच्या, कौतुकाचा शब्द तोंडातून निघेल तर शपथ. लग्न केलं नाही आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला अशा काही नजरेनं बघायच्या की माणूस स्वतःच्या लग्नाचा पुनर्विचार करत घरी जाई. चंद्रपूरच्या शिंपी घरातली ही मुलगी. वडील कपडे शिवायचे, नंतर भाऊ शिवू लागला. ही शिकून डॉक्टर झाली आणि नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आली. मी तेव्हा त्याच तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. गावाचं नाव लिहीत नाही. उगाच कोणीतरी कॅमेरा घेऊन जायचं आणि तिथल्या बायांना ताप व्हायचा.

शाळेतल्या मुली तपासायला त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मला म्हणाल्या, "तू काय शिकवते?" मी शिकवत नाही, अधीक्षिका आहे, असं मी जरा ताठ मानेनं सांगितलं. "बरं मास्तरीन," असं म्हणाल्या आणि मरेपर्यंत मला मास्तरीनच म्हणत राहिल्या. त्याच दिवशी शाळेच्या विहिरीवर त्यांना जुरी दिसली. जुरी गावातलीच, विशीतली, काटकीसारखी पोर. पोट दिसायला लागलं होतं. नफीसाबाईंनी तिला ओळखलं. आदल्या साली हिलाच बैलबंडीत घालून रुग्णालयात आणलं होतं. नववा महिना, अंगभर सूज आणि एकामागून एक झटके. जुरी वाचली, बाळ गेलं. गावात बोलणं असं की तिला काहीतरी लागलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं असं की तिचा रक्तदाब चढला होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता पुन्हा तेच होण्याची भीती होती, आणि या खेपेला आई-बाळ दोघांपैकी एकाचा नाही, दोघांचाही जीव जाऊ शकत होता.

उपाय सरळ होता. सातव्या महिन्यापासून जुरीनं तालुक्याला येऊन राहायचं, रोज रक्तदाब मोजून घ्यायचा, चढला की लगेच औषध. जुरीच्या सासूनं ऐकून घेतलं. अडाणी म्हणून सोडून द्यावं अशी ती बाई नव्हती. तिनं विचारलं, हिच्यासंगं कोण राहणार? धानाच्या रोवण्याच्या दिवसात घरातलं दुसरं माणूस निघणार कसं? तिथं रांधणार कुठं? आणि शेवटी म्हणाली, "मागच्या खेपी तुह्याच दवाखान्यात नेली होती. मेलेलं लेकरू घेऊन आलो." मी डॉक्टरांकडे बघितलं. मला वाटलं आता फटकळपणा बाहेर पडणार. त्या सुपारी चघळत म्हणाल्या, "बाई येत नसन तर नको येऊ दे. तिचा दंड पाठव."

दंड पाठवायचा म्हणजे काय, ते पुढच्या फेरीत कळलं. त्यांनी रक्तदाबाचं मशीन आणलं, घड्याळासारख्या तबकडीचं, आणि ते माझ्या ताब्यात दिलं. रोज सकाळी मी जुरीच्या घरी जायचं, ती बसलेली असताना दंडाला पट्टा बांधायचा, फुगवायचा, नळी कानाला लावून हवा सोडत जायची. ठक ठक सुरू होते तो वरचा आकडा, बंद होते तो खालचा. हे मी वसतिगृहाच्या मुलींच्या दंडांवर शिकले. पोरी खुदूखुदू हसायच्या आणि मला काही ऐकू यायचं नाही. मग आकडा मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. चिठ्ठी नाही, काही नाही, तोंडी. वासुदेवभाऊंनी तो तालुक्याला रुग्णालयाच्या फाटकापाशी गाडी हळू करून खिडकीतून ओरडून सांगायचा. संध्याकाळच्या गाडीनं डॉक्टरांचा निरोप उलट यायचा. गोळी वाढव, गोळी तीच ठेव, मीठ कमी कर, उद्या पुन्हा दोनदा मोज. गावात टेलिफोन नव्हता. वायरलेस होता तो वनखात्याच्या नाक्यावर, आणि त्यावर बायकांच्या गोष्टी बोलायला नाकेदार लाजायचा. रुग्णालयातले वरिष्ठ डॉक्टर हसले म्हणे, "नफीसाबाई, उंटावरून शेळ्या हाकून राह्यल्या तुम्ही." त्यावर ह्या म्हणाल्या, "शेळ्या नदीपल्याड असतीन तर उंटच लागते ना, साहेब."

सुरुवातीलाच माशी शिंकली. जुरीचा आकडा रोज छान यायचा. मी खूश, वासुदेवभाऊ खूश. डॉक्टर मात्र खूश नव्हत्या. एका दुपारी अचानक आल्या, जुरीचे पाय दाबून बघितले, सूज तर होती. मग माझं मोजणं बघितलं. पट्टा तिच्या दंडाला जवळजवळ दोन वेढे बसत होता. "अगं, हा पट्टा शहरातल्या खात्यापित्या माणसाचा," त्या म्हणाल्या, "या काडीले बांधशीन तर आकडा कमीच दाखवते." पुढच्या आठवड्यात चंद्रपूरला जाऊन त्यांनी लहान मुलांच्या मशीनची रबरी पिशवी मिळवली आणि भावाकडून तिला नवं कापड शिवून आणलं. भाऊ पोलिसांचे, वनरक्षकांचे गणवेश शिवायचा. उरलेलं मजबूत खाकी कापड होतं, त्याचा सुबक पट्टा झाला. मी तो घेऊन जुरीकडे गेले, तर तिनं हात मागे घेतला. सासू उठून उभी राहिली. "नाकेदाराचं कापड सुनेच्या दंडाले नाई लागत," म्हणाली. मोहाची फुलं वेचताना, सरपण आणताना ज्या कापडानं आयुष्यभर हाकललं, ते कापड पोटुशीच्या अंगाला! मी लाख समजावलं. शेवटी निरोप पाठवला. डॉक्टरांचा उलट निरोप आला, वासुदेवभाऊंनी तो जसाच्या तसा म्हणून दाखवला, "मी गधी हाव. थांब." दोन दिवसांनी ब्लाऊजपीसच्या कापडाचा, फुलाफुलाचा पट्टा आला. तो जुरीनं आधी हातात घेऊन उलटून पालटून बघितला आणि मग स्वतःच दंड पुढे केला. त्या दिवशी पहिल्यांदा खरा आकडा निघाला. चढलेला होता. गोळ्या वाढल्या.

गाडीनं आकडा पाठवण्यात एक मौज होती. खासगी असं काही उरलंच नाही. सगळ्या गाडीला जुरीचा रक्तदाब माहीत असायचा. चढलेले लोक विचारायचे, "आज किती हो भाऊ?" आणि कमी असला की मागच्या सीटवरून कोणीतरी "बरं झालं बापा" म्हणायचं. पुढे तर कळलं की तालुक्याच्या स्टँडवर सट्टा लावणारे त्याच आकड्यावर पैसे लावू लागले होते. नफीसाबाईंना समजलं तेव्हा त्या स्टँडवर गेल्या आणि जे काही बोलल्या ते इथे छापता येणार नाही. वासुदेवभाऊ सांगतात की त्यानंतर सट्टावाल्यांपैकी एक जण रोज स्टँडवरच आकडा ऐकायचा आणि स्वतः रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना सांगून यायचा. म्हणजे गाडी हळू करायचीही गरज उरली नाही!

दुसऱ्या दोन गरोदर बायाही यात आल्या. एकीच्या आईला झटके येऊन गेले होते, दुसरीच्या पोटात जुळं होतं. एक मशीन, तीन दंड, आणि मी सकाळची गावभर फिरत. शाळेच्या गुरुजींनी टोमणा मारला की अधीक्षिकाबाई आता कंपाउंडर झाल्या. मी म्हटलं, गुरुजी, तुमचाही मोजून देऊ का, तुमचा तर बोलतानाच चढतो. असे दिवस चालले होते. कोणाला काही पराक्रम केल्यासारखं वाटत नव्हतं, मला तर नाहीच. पावसात चिखल तुडवत जायचं, नळीत मुंग्या शिरायच्या, आकडा द्यायला उशीर झाला तर गाडी थांबलेली आणि आतले प्रवासी तोंड वाकडं करून बसलेले.

ठरलं असं होतं की दिवस भरत आले की डॉक्टर जीप पाठवतील आणि जुरी रुग्णालयात येईल. सासूनंही शेवटी मान हलवली होती. पण ठरवणाऱ्यांना नाला विचारत नाही. ऑगस्टात झड लागली, नाल्यावरून पाणी गेलं, गाडी बंद. त्यातच जुरीच्या पोटात दुखू लागलं, दिवसांच्या आधीच. गावच्या सुईणीनं बाळंतपण केलं. मुलगी झाली, लहानशी पण खणखणीत रडणारी. झटका नाही, काही नाही. अख्खं गाव हुश्श झालं. गायता म्हणजे गावचा पुजारी, तो स्वतः येऊन दारात उभा राहून गेला. मीही देवाला हात जोडले, खोटं कशाला सांगू.

आणि जुरी बाळाला घेऊन कुर्मा घरात गेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या कडेला एक छोटी झोपडी असते, महिन्याच्या दिवसांत बायांनी तिथं राहायचं. त्या गावात बाळंतिणीलाही काही दिवस तिथंच ठेवायचे. जेवण बाहेरून द्यायचं. आत गेलेली वस्तू पुन्हा घरात आणायची नाही. ती तिथंच राहणार. माझं या झोपडीविषयीचं मत मी तेव्हाही लपवलं नव्हतं. गळकं छप्पर, ओली जमीन, विंचवाकाट्याची भीती. बाईला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तिला गावाबाहेर ठेवायचं. माझं डोकं फिरायचं आणि आजही फिरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन घेऊन कुर्मा घराकडे निघाले तर वाटेतच बाकीच्या दोघी गरोदर बाया आणि त्यांच्या सासवा उभ्या. एक म्हणाली, "बाई, मशीन आत नेशीन तर आमच्या दंडाले नको लावू मग." जुळ्यांवाली रडायलाच लागली. तिला मोजून हवं होतं, पण आत गेलेलं मशीन नको होतं. मी भांडले. गायत्याकडे गेले. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, जुरी मोकळी झाली, आता तिले मोजून काय करशीन? आणि खरं सांगायचं तर गावातल्या एकाही माणसाला, शाळेतल्या गुरुजींसकट, त्याचं म्हणणं चूक वाटलं नाही. भीती बाळंतपणाची होती, ते पार पडलं होतं. एका मशीनसाठी दोन बायांना दुखवायचं कशाला? मी मशीनविना झोपडीच्या दाराशी गेले. जुरी बाळाला पाजत होती. म्हणाली, डोकं दुखते. मी म्हटलं, झोप नाही झाली, म्हणून असेल. ती म्हणाली, हो, अन् डोळ्यापुढं काजवे चमकतेत.

त्याच दिवशी नाल्याचं पाणी उतरलं आणि गावातच अडकून पडलेली वासुदेवभाऊंची गाडी सुटली. त्यांनी तालुक्याला जाऊन फाटकाशी गाडी उभीच केली आणि खाली उतरून आनंदाची बातमी दिली. नर्सेस, वॉर्डातल्या बाया, सगळे खूश. नफीसाबाई ओपीडीतून उठून बाहेर आल्या. पुढचं बोलणं वासुदेवभाऊंनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं नव्हते असं मलाच वाटत नाही.

"आकडा किती?"

"डॉक्टरीनबाई, मोकळी झाली ना ते. पोरगी झाली. आता कायचा आकडा?"

"मी काय इचारून राह्यली? आकडा किती?"

"मास्तरीननं नाई देला. मशीन कुर्म्यात जात नाई म्हनते."

नफीसाबाई तडक वळल्या. आत गेल्या, प्रसूती कक्षातलं मशीन उचललं, इंजेक्शनं पिशवीत भरली आणि रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. जीप दुसरीकडे गेली होती. लाकडाचा एक ट्रक येत होता, त्याला हात दाखवून केबिनमध्ये चढून बसल्या. ओपीडीच्या रांगेतल्या बायांना एवढंच सांगितलं म्हणे, "पोरगं झालं का सारे पोराकडे पायतेत. मायकडे कोन पायते?"

दुपारी त्या आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं, आता गायत्याशी, सासवांशी खडाजंगी होणार आणि मीही पदर खोचला. पण त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. फक्त विचारलं, की बाईमाणूस आत जाऊन तिथंच राहिली तर चालते का? सासू म्हणाली, चालते, पण मग दिवस भरेपर्यंत बाहेर येऊन कोणाच्या घरात शिरायचं नाही. "बस्स? मंग जाते मी," म्हणाल्या आणि वाकून आत शिरल्या, मशीन घेऊन. मी दाराबाहेर बसले. आतून पट्टा फुगवल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा. मग त्यांचा आवाज, अगदी हळू, मला उद्देशून, "मास्तरीन, पानी उकळ. अन् एखादी बाई पाठव पोरगी धरायले." आकडा त्यांनी तेव्हा सांगितला नाही. नंतर कळलं, इतका चढला होता की तबकडीकडे त्यांनी दोनदा पाहिलं. त्या इंजेक्शन भरत होत्या तेवढ्यात जुरीला झटका आला. मी दारातून बघत होते. त्या पोरीचं ते ताठ झालेलं अंग, आवळलेले दात, आणि नफीसाबाई तिला कुशीवर वळवून, स्वतःच्या ओढणीचा बोळा तिच्या डोक्याखाली सारून, तिच्या मांडीत सुई टोचताहेत... मला वाटलं, संपलं. सासू माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली.

जुरी वाचली. हे असं एका शब्दात लिहिलं की सोपं वाटतं. झटका थांबला, पुन्हा एक आला, थांबला. संध्याकाळी तिनं डोळे उघडून पोरीला मागितलं. पण नफीसाबाई निघाल्या नाहीत. आकडा उतरायला दिवस लागतात, म्हणाल्या, आणि मी तर आता बाहेरही निघू शकत नाई, तुमचाच कायदा. आठवडाभर त्या त्या झोपडीत राहिल्या. सासू बाहेरून भात-अंबील द्यायची. महिन्याच्या दिवसांतल्या दोघी-तिघी बाया आल्या-गेल्या. करायला काम नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यांना मोजायला शिकवलं. पहिल्यांदा हसणं, मग भांडणं, की मी मोजते, मी मोजते. अक्षरओळख नव्हती, पण तबकडीवरचा काटा कुठल्या रेघेपलीकडे गेला की बोंब मारायची, एवढं कुंकवानं काचेवर खूण करून दिलं.

मी मात्र चिडलेलीच होते. एका दुपारी दाराशी बसून त्यांना सुनावलं, "डॉक्टर, तुम्ही शिकल्या-सवरल्या, तुम्हीच या झोपडीला मान दिलात. उद्या कोणत्या तोंडानं सांगू मी, की ही पाडा?" त्या आत पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर जुरीची पोर. म्हणाल्या, "पाड ना. मी कुठी नाई म्हनते? पन झोपडी पाडून आज जुरीचा आकडा उतरन का? आज मोजू. उद्या पाडू." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आमच्यातबी त्या दिवसांत नमाज नसते मास्तरीन. अम्मी चटई गुंडाळून ठेवायची. लहानपनी मले लय राग यायचा. पन अम्मीले त्या दिवसांत कोनी उठवत नव्हतं, हेबी खरं." आमचं यावर कधीच एकमत झालं नाही. त्यांचं शहाणपण मला त्या दिवशी पटलं नाही आणि आजही अर्धंच पटतं. वाद मात्र आयुष्यभर पुरला.

जाताना रुग्णालयाचं मशीन त्यांनी कुर्मा घरातच ठेवलं. बाहेर आणता येत नव्हतंच. म्हणाल्या, हे इथलं. पोटुशी बाई घरात मोजन, बाळंतीण इथं मोजन. रुग्णालयात बोंब झाली. कुठे होता आठवडाभर, असं वरिष्ठांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बाळंतपनाले गेली होती." कोणाच्या? "माह्याच समजा."

त्यानंतर बरीच वर्षं हे चाललं. आसपासच्या गावांतही गेलं, कुठे टिकलं, कुठे नाही. रबर फाटायचं, उंदीर नळी कुरतडायचे, एका गावात मशीन देवापाशी नेऊन ठेवलं आणि कोणी हात लावेना. सगळ्याच वाचल्या असंही नाही. जुळ्यांवालीची दोन्ही मुलं जगली. दुसऱ्या एका गावातली बाई आकडा वेळेत कळूनही वाटेतच गेली. दुसऱ्या दिवशी नफीसाबाई ओपीडीत वेळेवर बसल्या. पुढे त्यांची बदली झाली, मग निवृत्त होऊन चंद्रपूरला गेल्या. मी भेटायला जायचे. भावाच्या मशीनची खडखड, शिरखुर्मा, आणि तोच फटकळपणा. शेवटच्या भेटीत पाय जरा सुजलेले दिसले. मी विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं मास्तरीन, तुहे काय मोगऱ्यासारखे हायेत का?" मी हसले. विषय तिथंच संपला.

गेल्या पंधरवड्यात मी त्या गावाला जाऊन आले. जुरीला कोणी सांगितलं नसेल असं वाटलं. आता जीप दारापर्यंत जाते. जुरी घरात नव्हती, कुर्मा घरात होती. छप्पर बदललंय, पत्र्याचं झालंय. झोपडी काही पडली नाही. मी उंबऱ्याशी बसले आणि सांगितलं. कशानं गेल्या तेही सांगितलं, डोकं दुखलं, नस फुटली. तिच्यासोबत तिची मुलगीही होती, ती तेव्हाची लहानशी पोर, आता स्वतःच चांगली विशीपलीकडची बाई झालीय. जुरी सरकून उंबऱ्याजवळ आली. मग म्हणाली, "डोकं दुखत होतं?"

मी म्हटलं, हो.

"मंग तिचा आकडा कोन पायत होतं?"

भावाला मी हेच विचारलं होतं. तो बिचारा म्हणाला, आपा डॉक्टर होती, आम्हाला वाटलं ती बघतच असेल. खरं उत्तर ते होतं. कोणीच नाही... मी त्या उंबऱ्यावर, भर दुपारी, पोरीसमोर हमसून हमसून रडले. जुरी रडली नाही. तिनं मला आत ओढलं. मी म्हटलं, अगं, मला जायचंय, जीप थांबलीय. "जाऊ दे जीपले," म्हणाली. कोपऱ्यातून मशीन काढलं, माझी बाही वर सारली, पट्टा बांधला. आणि माझा उघडा तळवा तिनं आपल्या डाव्या तळव्यावर घेतला, घट्ट नाही, नुसता पेलून धरला. नफीसाबाई तसंच करायच्या. प्रत्येक बाईचा. हात लोंबकळला की आकडा चुकतो, असं कारण द्यायच्या, पण काटा खाली येऊन थांबल्यावरही सोडायच्या नाहीत. इतकी वर्षं बघितलं आणि एवढं सगळं लिहिताना हेच सांगायचं राहून गेलं होतं.

मुलीनं नळी कानाला लावली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी विचारलं, किती? जुरी म्हणाली, "चढला हाय. उद्या पुना येजो." मी म्हटलं, अगं, मी गडचिरोलीला राहते, उद्या कशी येणार? तिनं माझा हात सोडला नाही.

जीप गेली. मी त्या रात्री शाळेत थांबले आणि सकाळी पुन्हा गेले.